भायखळ्याच्या तुरुंगातून काखेतल्या गाठीपर्यंत

जानेवारी 1897 संपत आला आहे. तुम्ही भायखळ्याच्या तुरुंगाच्या आवारात, उघड्या दंडाच्या कैद्यांच्या रांगेत उभे आहात. बाहेर मुंबई रिकामी होते आहे. गावाकडे निघालेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. गेल्या सप्टेंबरात मांडवीत, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्णांच्या अंगावरच्या गाठी पाहून प्लेगचं निदान केलं, आणि तेव्हापासून शहरातली लाखो माणसं निघून गेली. कैद्यांना जाता येत नाही. प्लेग आता तुरुंगातही शिरला आहे.

रांग पुढे सरकते. टेबलावर बाटली, बाटलीत गढूळ रस्सा. तो बनवणारे वाल्देमार हाफकिन छत्तीस वर्षांचे आहेत, ओडेसात जन्मलेले ज्यू. इथून जवळच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तुटपुंज्या जागेत, त्यांनी बकऱ्याच्या मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले. थेंबांना धरून जंतूंचे पांढुरके दोरे खाली लोंबू लागले. भांडं हलवलं की दोरे तुटून तळाशी जायचे आणि तुपाखाली नवे धरायचे. पुरेशी वाढ झाल्यावर सगळं तापवून त्यांनी जंतू मारले. 10 जानेवारीला पहिली टोचणी स्वतःच घेतली, 10 घन सेंटिमीटरची. ताप आला, अंग मोडून आलं, आणि उतरलं. मगच ते या आवारात आले.

तुमच्या पुढच्या कैद्याकडे नीट पाहा. समजा, तो रत्नागिरीकडून गिरणीत कामाला आलेला विशीतला तरुण आहे. तो हात पुढे करतो. सुई कातडीखाली जाते. आता तुम्ही सुईबरोबर आत शिरा. तुमची उंची जंतूएवढी झाली आहे: मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग.

इथे मिट्ट काळोख आहे. हे आधी मनात पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शरीरातल्या संरक्षक पेशींना दिसत नाही, ऐकू येत नाही. त्यांना जे कळतं ते स्पर्शाने कळतं. त्यांच्या पृष्ठभागावर हजारो प्रथिनं उभी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यातल्या एखाद्याला बाहेरचा एखादा रेणू नेमका बसला, तर रिसेप्टरचा आतला भाग वळतो, आणि पेशीला खबर लागते. तुमच्या आजूबाजूला मेलेले जंतू ढिगाने तरंगत आहेत. आणि त्यांच्याकडे काहीतरी सरपटत येतं आहे: एक मोठी पेशी, तुमच्या दहापट, अंगातून लांब फाटे फुटलेली, ते फाटे सतत आतबाहेर करणारी.

या पेशीला सामोरं जाण्याआधी चौदा वर्षं मागे चला. डिसेंबर 1882, सिसिली बेटावरचं मेसिना. समुद्राजवळच्या एका घरात इल्या मेचनिकॉफ एकटे आहेत. घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी आहे, काचेसारखी आरपार. तिच्या आत काही पेशी मोकळ्या फिरताना दिसतात. मेचनिकॉफ उठतात, येरझाऱ्या घालतात, समुद्रावर जाऊन येतात. मग बागेतून गुलाबाचे काटे तोडून आणतात आणि अळीच्या कातडीखाली खुपसतात. त्या रात्री त्यांना झोप येत नाही. पहाटे ते भिंगाला डोळा लावतात. त्यांच्यामागे उभे राहून तुम्हीही पाहा: काट्याभोवती पेशींचा गराडा पडला आहे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अळीला रक्तवाहिन्याही नाहीत की रक्ताबरोबर वाहत त्या तिथे पोचल्या असं म्हणावं. त्या आपणहून चालत आल्या, आणि गिळता येत नाही अशा वस्तूला वेढून बसल्या.

हेच मेचनिकॉफ ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन यांचे गुरू होते. भायखळ्याच्या रांगेतला तो गढूळ रस्सा आणि मेसिनातला काटा यांचं नातं इतकं सरळ आहे. पण काटा परका आहे हे पेशींना कशावरून कळलं, याचं उत्तर गुरूकडेही नव्हतं आणि शिष्याकडेही नव्हतं. त्यासाठी तुम्हाला शंभरहून अधिक वर्षं पुढे यावं लागेल.

1996, फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र यांनी फळमाश्यांवर काम केलं आहे. माशीत ‘टोल’ नावाचं एक जनुक असतं. अंड्यातल्या माशीला पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवायला ते लागतं, एवढं आधीपासून माहीत होतं. इथे टोल बिघडलेल्या माश्यांना बुरशीची लागण केली गेली. भिंगाखाली बघा. मेलेल्या माशीच्या अंगातून बुरशीचे तंतू उगवले आहेत, इतके दाट की माशी मुश्किलीने ओळखू येते. टोल शाबूत असलेली माशी याच बुरशीला पुरून उरते. दोन वर्षांनी अमेरिकेत डॅलसला ब्रूस ब्यूटलर एका जुन्या कोड्याचा छडा लावतात. उंदरांचा एक वाण असा होता की जंतूंच्या आवरणातलं विष टोचलं तरी आजारी पडायचा नाही. सगळ्यांना वाटावं, काय दणकट उंदीर! पण त्यालाच साल्मोनेलाची खरी लागण झाली की तो मरायचा. त्याच्या पेशींना ते आवरण जाणवतच नव्हतं. बिघाड सापडला तो टोलसारख्याच एका रिसेप्टरात, आज ज्याला टीएलआर-4 म्हणतात त्यात.

परत दंडात या. ती फाटेवाली पेशी आता जंतूंच्या ढिगाला भिडली आहे. तिला डेन्ड्रायटिक पेशी म्हणतात. तिची बहीण त्वचेच्या वरच्या थरात असते. बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या एकविशीच्या विद्यार्थ्याने 1868 मध्ये सोन्याच्या क्षाराने रंगवून ती पाहिली होती आणि तिला मज्जापेशी समजला होता. तापवल्याने जंतू मेले, पण त्यांच्या आवरणातला मेद-शर्करेचा रेणू उष्णतेत टिकतो. तो आता टीएलआर-4 ला टेकतो. पेशीच्या आत, बघता बघता, धांदल उडते. माणसाच्या शरीरात कुठेही तयार न होणारा हा पदार्थ आहे. तो भेटला याचा अर्थ जंतू घरात आला.

मात्र एवढ्यावर शरीर लढाई पुकारत नाही. ही पहिली साक्ष झाली. मला या सगळ्या यंत्रणेत सगळ्यात मोठं वाटतं ते हेच: पायरीपायरीवर दुसरी साक्ष मागितली जाते. ज्या पेशी जंतूला मारतात त्याच चुकल्या तर स्वतःचे सांधे, स्वतःचं स्वादुपिंड जाळतात, म्हणून एका खुणेवर कोणालाच मोकळं सोडलेलं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्येच हे मांडलं होतं. शुद्ध परकं प्रथिन टोचलं तर शरीर बहुधा ढिम्म राहतं. त्यात मेलेल्या जंतूंचा कचरा मिसळला की जागं होतं. तेव्हा जंतूपणाची सामायिक खूण ओळखणारे रिसेप्टर पेशींवर असलेच पाहिजेत, असं ते म्हणाले. हाती एकही रिसेप्टर नसताना केलेलं ते भाकीत होतं.

आता डेन्ड्रायटिक पेशी जंतूला कवेत घेते. तिचं आवरण आत वळतं, एक पिशवी तयार होते, आणि जंतू तिच्यात बंद. तुम्हीही आत आहात. पिशवीतलं पाणी आंबट होत जातं. आंबट झाल्यावरच कामाला लागणारी एन्झाइम्स प्रथिनांवर तुटून पडतात आणि लांब साखळ्यांचे लहान लहान तुकडे करतात.

या कापाकापीला वेळ लागतो, आणि तो वेळ घड्याळ लावून मोजला गेला आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये एमिल उनान्वे आणि कर्क झीग्लर मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींना लिस्टेरिया नावाचे जंतू खाऊ घालत होते. खाल्ल्या खाल्ल्या लगेच त्या पेशींवर टी पेशी, म्हणजे लढाई पुकारणाऱ्या संरक्षक पेशी, सोडल्या तर त्या चिकटत नाहीत. अर्धा-पाऊण तास जाऊ दिला की चिकटतात. आणि पिशवीचा आंबटपणा घालवणारं क्लोरोक्विन, म्हणजे आपल्याकडे हिवतापावर वर्षानुवर्षं दिलं गेलेलं तेच औषध, आधीच घातलं तर चिकटणं होतच नाही. जंतू पोटात आहे, तरी टी पेशीच्या लेखी तो नाही. म्हणजे टी पेशीला जंतू हवा नसतो. तिला हवा असतो त्याचा तुकडा, आणि तोही दुसऱ्या कोणी तरी बाहेर काढून दाखवलेला.

दाखवायचा कशावर, हे 1973 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उलगडलं. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल विषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या टी पेशी काढून घेतात आणि लागण झालेल्या पेशींवर सोडतात. त्याच वाणाच्या पेशी मरतात. दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशींत अगदी तोच विषाणू असला, तरी टी पेशी त्यांना हात लावत नाहीत. त्या परक्याला एकट्याने ओळखतच नाहीत. आपल्या शरीराची खूण आणि परका तुकडा, दोन्ही एका जागी, एका स्पर्शात लागतात. ती खूण म्हणजे एमएचसी नावाची प्रथिनं. अवयवरोपणात ‘जुळतं का’ म्हणून ज्यांची तपासणी होते तीच ही.

आणि 1987 मध्ये हार्वर्डला तुम्ही पामेला ब्योर्कमन यांच्या शेजारी उभे राहा. वर्षानुवर्षं स्फटिक वाढवून, त्यांतून क्ष-किरण सोडून, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांच्याबरोबर त्यांनी एका एमएचसी प्रथिनाची आकृती उभी केली आहे. वरच्या टोकाला एक लांबट ओंजळ दिसते. तळ चपट्या पट्ट्यांचा, दोन कडा पीळदार. आणि ओंजळ रिकामी नाही. तिच्यात कसली तरी जास्तीची सावली पडलेली आहे, जी प्रथिनाच्या साखळीत कुठेच बसत नाही. ती सावली तुकड्यांची होती. स्फटिकासाठी प्रथिन शुद्ध करूनही ओंजळीत जे धरलं होतं ते सुटलं नव्हतं. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात बोलकं चित्र हेच.

डेन्ड्रायटिक पेशीत परत आलात तर आता सगळी जुळणी तुम्हाला समजेल. एमएचसी पेशीच्या आतच घडतं. ते रिकामं राहू नये, वाटेत भलतंच काही उचलू नये, म्हणून तिथे एक तात्पुरती प्रथिनाची पट्टी खोचलेली असते. आंबट पिशवीत ती पट्टी निघते, जंतूचा तुकडा बसतो, आणि जोडी पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन उभी राहते. तुकडा केवढा? अमिनो आम्लांच्या पंधरा-वीस मण्यांएवढा. प्लेगच्या अख्ख्या जंतूची ओळख आता एवढ्याशा फितीवर आली आहे.

पहिल्या साक्षीमुळे पेशी बदलली आहे. तिने खाणं थांबवलं, आणि ती निघाली. लसिका वाहिनीत शिरून, दंडातून वर, काखेकडे. बाहेर कैद्याला कणकण आली आहे, दंड ठणकतो आहे. या प्रवासाला साधारण एक दिवस लागतो.

काखेत लसिका ग्रंथी आहे, घेवड्याच्या दाण्याएवढी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हाताला झाली की काखेत. ते याच ग्रंथींचं. इथे पेशींची इतकी दाटी आहे की तुम्हाला अंग चोरूनच पुढे जावं लागतं. डेन्ड्रायटिक पेशी फाटे पसरून थांबते आणि टी पेशी एकामागून एक तिला चाटून जातात. प्रत्येकीच्या अंगावर सुमारे तीस हजार रिसेप्टर, सगळे एकाच साच्याचे. शेजारणीचा साचा वेगळा. स्पर्श, आणि पुढे. स्पर्श, आणि पुढे. या एका तुकड्याला बसेल असा रिसेप्टर लाखात एखादीकडे, कधी दहा लाखांत एखादीकडे असतो.

ती एखादी इथे आलीच कशी? कैद्याच्या घराण्यात कोणी प्लेग पाहिलेला नाही. यासाठी त्याच्याच आयुष्यात मागे जावं लागेल, वीस वर्षं. तो रत्नागिरीकडच्या अंगणात रांगतो आहे. त्याच्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची मऊ ग्रंथी आहे. 1961 पर्यंत या ग्रंथीचं महत्त्व कोणी फारसं मानत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती काढून टाकली आणि पिल्लं प्रतिकाराविना खंगून मेली. त्या लहानग्याच्या थायमसमध्ये प्रत्येक कोवळी टी पेशी आपला रिसेप्टर घडवते आहे. त्याचं अख्खं जनुक वारशात मिळत नाही, सुटे तुकडे मिळतात. पेशी त्यांतले काही निवडते, मधले कापून टाकते, उरलेले जोडते, सांध्यावर दोन-चार अक्षरं मनाने घालते. शरीरातल्या पेशींमधली जनुकं आयुष्यभर तशीच राहतात, या समजाला धक्का देणारी ही गोष्ट सुसुमु टोनेगावा यांनी 1976 मध्ये बाझेलला, पुढे भेटणाऱ्या बी पेशींच्या बाबतीत, दाखवून दिली. टी पेशींचा रिसेप्टर 1984 मध्ये हाती आला, तोही याच रीतीने घडलेला.

असे साचे ढिगाने पडतात, म्हणून त्यांची परीक्षा होते. स्वतःच्या एमएचसीला ओझरतंही चिकटता येत नाही अशी पेशी मरते. स्वतःच्याच तुकड्यांना घट्ट चिकटते तीही मरते. शंभरातल्या चार-पाचही थायमसमधून जिवंत बाहेर पडत नाहीत. हा संहार त्या रांगणाऱ्या पोराच्या अंगात चालू आहे आणि त्याची आई त्याला मऊभात भरवते आहे. प्लेगचा तुकडा ओळखणारी पेशी त्या काळात तयार झाली, पास झाली, आणि तेव्हापासून ती किंवा तिचीच लेक रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून रक्तात फिरत आहे. तिला काय भेटणार आहे हे तिला माहीत नव्हतं. भेटण्याआधीच ती तयार होती.

काखेत परत या. ती आली आहे. डेन्ड्रायटिक पेशीला टेकते आणि या वेळी पुढे जात नाही. रिसेप्टर तुकड्यावर बसला. इथेही दुसरी साक्ष आहे: जंतूचं आवरण जाणवल्यामुळे डेन्ड्रायटिक पेशीने आणखी एक प्रथिन अंगावर आणलेलं आहे, आणि टी पेशीने त्यालाही धरावं लागतं. ते नसतं तर टी पेशी तुकडा ओळखूनसुद्धा बधिर झाली असती, कायमची. ते आहे. काही तास दोघी एकमेकींना चिकटून राहतात. मग टी पेशी फुगते, दुभंगते, पुन्हा दुभंगते. आठवडाभरात तिच्यासारख्या हजारो होतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी 1973 मध्ये झॅनव्हिल कोन यांच्याबरोबर उंदराच्या प्लीहेत ही फाटेवाली पेशी पाहिली आणि तिला आजचं नाव दिलं. तिचं महत्त्व लोकांच्या गळी उतरवण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर त्यांनी याच पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून घेतले. 30 सप्टेंबर 2011 ला ते गेले, आणि तीन दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं.

ग्रंथीच्या दुसऱ्या भागात बी पेशी आहेत. यांचं ओळखणं निराळं. त्यांना तुकडा करून द्यावा लागत नाही. त्यांचा रिसेप्टर जंतूच्या अख्ख्या, न कापलेल्या पृष्ठभागावर बसतो. हे चित्र सगळ्यांत आधी रेखाटलं पाउल एर्लिख यांनी. 22 मार्च 1900, लंडनची रॉयल सोसायटी. तुम्ही श्रोत्यांत बसला आहात. एर्लिख यांच्या आकृत्यांत पेशीच्या अंगातून बाहेर आलेले निरनिराळ्या आकाराचे कोंब आहेत. विष एखाद्या कोंबावर बसतं, पेशी तसे कोंब जास्तीचे बनवते, ते गळून रक्तात येतात, तीच अँटिबॉडी. पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर आणि रक्तातली अँटिबॉडी एकच, हे त्यांनी कुठलाही पुरावा डोळ्यांपुढे नसताना सांगितलं आणि ते खरं निघालं. एका ठिकाणी ते चुकले. एकाच पेशीवर सगळ्या प्रकारचे कोंब असतात असं त्यांना वाटलं.

त्याचा निकाल मेलबर्नमध्ये लागला. मॅकफर्लेन बर्नेट यांनी 1957 मध्ये मांडलं की एका पेशीकडे एकच साचा असतो, आणि शिरलेला परका रेणू फक्त आपल्याला जुळणारी पेशी निवडून वाढवतो. तरुण गस नोसल आणि अमेरिकेहून आलेले जोशुआ लेडरबर्ग ते तपासायला बसले. उंदरांना साल्मोनेलाच्या दोन जातींची लस टोचली. त्यांच्या ग्रंथीतल्या पेशी एकेक करून तेलाखालच्या इवल्या थेंबांत ठेवल्या. तुम्ही भिंगाखाली एक थेंब बघा. मधे एकुलती एक पेशी, आणि तिच्याभोवती सोडलेले पहिल्या जातीचे जंतू. शेपट्या हलवत ते सैरावैरा पोहतात. मग त्यांचा वेग मंदावतो, आणि ते जागच्या जागी थांबतात; पेशीतून पाझरलेल्या अँटिबॉडीने त्यांच्या शेपट्या धरल्या आहेत. आता त्याच थेंबात दुसऱ्या जातीचे जंतू सोडा. ते खुशाल पोहत राहतात. दोन्ही जातींना थांबवणारी एकही पेशी त्यांना सापडली नाही.

काखेतल्या ग्रंथीत अशीच एक बी पेशी प्लेगच्या जंतूचे अवशेष रिसेप्टरने धरते. तिच्या अंगावर असे लाखभर रिसेप्टर आहेत. पण तीही एकटीच्या बळावर पुढे जात नाही. धरलेलं ती आत ओढते, कापते, आणि तुकडे आपल्या एमएचसीवर ठेवून टी पेशीपुढे धरते. डेन्ड्रायटिक पेशीने जागं केलेली टी पेशी येते. तिचा तुकडा तिला इथेही भेटतो. मग ती मदत देते, बी पेशी वाढीला लागते, तिच्या पोरी अँटिबॉडीचे कारखाने होतात. अख्खा जंतू एकीने ओळखला, तुकडा दुसरीने. दोघींचं बोट एकाच जंतूकडे आहे हे ताडून झाल्यावरच हे घडतं.

आता तुरुंगाबाहेर, मांडवीतल्या एखाद्या चाळीत चला. इथे कोणाला टोचलेलं नाही. मेलेल्या उंदरावरची पिसू माणसाच्या पोटरीला चावते. या वेळी जंतू जिवंत आहे. पिसवेच्या पोटातल्या कमी तापमानात त्याच्या आवरणातल्या मेदाच्या रेणूला सहा शेपट्या होत्या, आणि त्या टीएलआर-4 ला ठळक जाणवल्या असत्या. माणसाच्या 37 अंशांच्या उबेत आल्यावर जंतू त्याच रेणूला चार शेपट्या लावू लागतो. चार शेपट्यांचा रेणू टीएलआर-4 ला जवळपास जाणवत नाही. जाग येण्याची पहिली साक्षच तो मुकी करतो. वर एफ-1 नावाच्या प्रथिनाचं कवच अंगावर चढवतो, त्यामुळे तो गिळायला अवघड जातो. आणि जी पेशी भिडते तिच्यात सुईसारख्या नळीतून प्रथिनं सोडून तिला लुळी पाडतो. 2006 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांनी या जंतूत असा बदल केला की उबेतही त्याला सहा शेपट्यांचाच रेणू बनवावा लागावा. उंदरांना मारणारा जंतू तेवढ्यानेच निकामी झाला. उंदरांच्या पेशींना तो जाणवला, बस्स.

न बदललेला जंतू मात्र वाट त्याच लसिका वाहिनीची धरतो आणि जांघेतल्या ग्रंथीत पोचतो. कधी पेशीच्या पोटात जिवंत राहून तिच्याबरोबरच जातो. जिथे त्याची ओळख पटायची तिथेच तो वाढतो. ग्रंथी सुजते, आतून सडते, हात लावू देत नाही. हीच ती गाठ, जिच्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हटलं. टी आणि बी पेशी एकमेकींपर्यंत पोचून वाढायला आठवडा तरी लागतो. प्लेगचा रोगी पुष्कळदा तेवढा तग धरत नाही. त्या वर्षी 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका लागण झालेल्या मुलाला त्यांनी आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं होतं, आणि त्यातच त्यांनाही प्लेग झाला.

भायखळ्यातल्या त्या तरुणाला हा आठवडा आधीच मिळाला आहे. पिसू त्याला चावली तर कवचावर बसणाऱ्या अँटिबॉडी रक्तात हजर असतील, आणि अँटिबॉडीने मढवलेला जंतू गिळायला मॅक्रोफेजवर वेगळे रिसेप्टर असतात. हाफकिन यांच्यापुढे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी मोजलं ते एवढंच, की टोचून घेतलेल्यांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्यांत किती. टोचून न घेतलेल्या कैद्यांत लागण आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त निघाले. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि 1925 मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं.

शेवटची उडी ऑगस्ट 1994 मध्ये घ्या. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. घरांत उंदीर मरून पडले, पिसवा अंगावर येऊ लागल्या, मग माणसांना ताप आणि गाठी. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जात आहेत. आता या रोगाला औषध आहे. आरोग्य खात्याची माणसं रक्त घेत आहेत, आणि तुम्ही त्या नळ्यांबरोबर प्रयोगशाळेत जा. मेंढीच्या तांबड्या पेशींवर प्लेगच्या कवचातलं एफ-1 चढवलेलं आहे. प्लास्टिकच्या ताटलीत ओळीने खळगे, प्रत्येकात रुग्णाचं रक्तजल आधीच्यापेक्षा दुप्पट पातळ केलेलं, वर त्या तांबड्या पेशींचा थेंब. काही तास थांबायचं. रक्तजलात अँटिबॉडी नसेल तर पेशी घरंगळत खळग्याच्या तळाशी जाऊन घट्ट लाल ठिपका होतात. असेल तर त्या एकमेकींना धरतात आणि तळभर फिकट थर पसरतो. मामल्यातल्या काही जणांच्या खळग्यांत तो थर दिसला. त्यांच्या जांघेत किंवा काखेत, थोड्याच दिवसांपूर्वी, एका बी पेशीने आपल्या एमएचसीवर प्लेगचा तुकडा धरला होता आणि एका टी पेशीने तो ओळखला होता.